चित्रसंतेला जाताना: बंगळुरूच्या रस्त्यावरून मूळ चित्र घरी कसं आणावं

चित्रसंतेची निम्मी खरेदी आदल्या आठवड्यात घरीच होते, हातात टेप घेऊन. पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भारावून जाऊन साडेतीन फूट रुंदीचं आडवं चित्र घेतलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं, की तेवढी मोकळी भिंत दिवाणखान्यात एकच आहे आणि तिच्या बरोबर मध्यावर स्विचबोर्ड आहे. ते चित्र दोन वर्षं कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कन्नडमध्ये संते म्हणजे आठवडी बाजार. बंगळुरूची कर्नाटक चित्रकला परिषद ही १९६० साली सुरू झालेली संस्था. ती वर्षातून एक दिवस, बहुधा जानेवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी, आपल्या दारातला कुमार कृपा रस्ता वाहनांना बंद करून तिथे चित्रांचा बाजार भरवते. शिवानंद सर्कलपासून विंडसर मॅनर हॉटेलच्या बाजूपर्यंत दोन्ही कडांना चित्रंच चित्रं. देशभरातून हजारावर चित्रकार येतात. कोल्हापूर-सांगलीकडचेही असतात, त्यामुळे गर्दीत अचानक मराठी कानावर येतं. प्रवेश फुकट. भाव शंभर रुपयांच्या छोट्या चित्रापासून लाखांपर्यंत. मधे दलाल नाही, दुकान नाही. ज्याने रंगवलं तोच बहुतेक वेळा चित्राशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. मला या बाजाराचं सगळ्यात मोठं मोल तेच वाटतं. चित्राबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो, आणि तरी बहुतेक लोक त्याला फक्त किंमत विचारून पुढे जातात.

तारीख मात्र दरवर्षी परिषदेच्या जाहिरातीतून पक्की करून घ्या. करोनाच्या काळात २०२१ची संते ऑनलाइन झाली आणि २०२२ची मार्चमध्ये गेली. अंदाजावर तिकिटं काढू नका.

घरी करायची कामं

ज्या भिंतीवर चित्र लावायचं तिची रुंदी-उंची मोजा आणि मोबाइलमध्ये फोटोवरच लिहून ठेवा. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर चित्राची रुंदी, फ्रेम धरून, सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असली की डोळ्याला बरी वाटते. आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर जुने पेपर जोडून त्या मापाचा तुकडा कापा आणि भिंतीला चिकटवून दोन दिवस राहू द्या. घरातले हसतात. हसू द्या. माझ्या बायकोने असा पेपर बघून "एवढं मोठं नको" म्हटलं, आणि त्या एका वाक्यात बरेच पैसे वाचले.

भिंतीवर ऊन कधी येतं तेही बघा. पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग किंवा कागदावरचं शाईचं काम लावलं तर काही वर्षांत रंग उडतो. तिथे ॲक्रिलिक किंवा तैलरंग तुलनेने टिकतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर काचेशिवाय काही लावू नका, फोडणीची वाफ कुणाला सोडत नाही.

मग बजेट. इथे लोक हमखास चुकतात, कारण सगळा आकडा चित्रावरच धरतात. माझा हिशेब सोपा आहे: हातात दहा हजार असतील तर चित्र सात हजारांपर्यंत, उरलेले तीन हजार फ्रेम, पॅकिंग आणि रिक्षा. कागदावरच्या चित्राला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच, पट्टी असं सगळं लागतं. छोट्या चित्राची फ्रेम चित्रापेक्षा महाग पडल्याचा प्रकार माझ्या घरी दोनदा झाला आहे.

पिशवीत टाकायच्या वस्तू थोड्याच: टेप, सोनार वापरतात तसलं दहापटीचं भिंग, उजेडासाठी बॅटरी, म्हणजे टॉर्च (मोबाइलचा चालेल), पाण्याची बाटली, टोपी, आणि रोख पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण लाखोंच्या गर्दीत दुपारी नेटवर्क बसलं की क्यूआर कोडसमोर दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात.

कधी आणि कसं पोचायचं

शनिवारीच बंगळुरूत या. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्सप्रेस आहे, सांगली-मिरजेकडून राणी चन्नम्मा. रविवारी सकाळी आठला रस्त्यावर असायला हवं. तेव्हा चित्रकार अजून दोऱ्या बांधत असतात, चहा पीत असतात आणि गप्पा मारायला मोकळे असतात. अकरानंतर रस्ता पंढरीच्या वाटेसारखा होतो आणि तीन फुटांवरून चित्र बघणं अशक्य होतं, कारण तुमच्या आणि चित्राच्या मधे कुणाचं तरी डोकं असतंच.

गाडी नेऊ नका. मेट्रोने मंत्री स्क्वेअर संपिगे रोडला किंवा मॅजेस्टिकला उतरा आणि तिथून रिक्षा घ्या. सकाळी गारवा असला तरी दुपारचं ऊन चटका देतं, आणि रस्त्यावर सावली सगळीकडे सारखी नाही.

पहिला फेरा रिकाम्या हाताने

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीही न घेता चालत जा. आवडलं ते चित्र, शेजारचा स्टॉल नंबर आणि किंमत यांचे फोटो काढत राहा; चित्राचा फोटो काढण्याआधी चित्रकाराला विचारा. काही जण नको म्हणतात, आणि त्यांचं कारण खरं असतं: त्यांचं चित्र फोटोवरून छापून विकलं गेलेलं असतं.

शेवटच्या टोकाला पोचलात की चहा घ्या आणि फोटो न बघता आठवा. जी दोन-तीन चित्रं आपोआप डोळ्यांसमोर येतात, त्यांच्याकडेच परत जायचं. बाकीची रस्त्यावर छान होती, एवढंच. याला एक अपवाद आहे. लहान, स्वस्त आणि खरंच उत्तम असं काही सकाळी दिसलं तर तिथेच घ्या. हजार-दोन हजारांतली चांगली जलरंगातली निसर्गचित्रं दुपारपर्यंत राहत नाहीत.

परिषदेच्या आवारातही जाऊन या. तिथल्या दालनांमध्ये रशियन चित्रकार रोरिखची चित्रं, म्हैसूर शैलीची जुनी कामं आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. रस्त्यावर म्हैसूर चित्र विकत घेण्याआधी आत जाऊन खरं जुनं म्हैसूर काम दहा मिनिटं बघितलं, तर डोळा आपोआप लागतो.

मूळ की छापील

आता मुद्द्याचं. एका वर्षी मी संध्याकाळच्या घाटाचं कॅनव्हास घेतलं. त्यावर ब्रशचे उंचवटे हाताला लागत होते, कोपऱ्यात सही होती, भाव वाजवी होता. आमच्या सांगलीच्या फ्रेमवाल्या मामांनी ते उजेडाला तिरकं धरलं, उलटं केलं आणि म्हणाले, "दादा, ह्ये छापील हाय. वरनं जेल फासलंय." बघितलं तर खरंच, छपाईवर जाड पारदर्शक लेप होता: ब्रशचे फटकारे आडवे, आणि खाली होडीची कड उभी. फटकाऱ्यांचा आणि रंगाचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

तेव्हापासून मी चार गोष्टी बघतो. पहिली, तिरका उजेड. मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, जवळजवळ समांतर धरा. खऱ्या चित्रात रंग जिथे जाड तिथे उंचवटा असतो आणि तो रंगाच्या सीमेबरोबर वळतो. छापील चित्रावर जेल असेल तर उंचवटे एका दिशेला आणि रंग दुसऱ्या दिशेला.

दुसरी, भिंग. छापील चित्रात अगदी बारीक ठिपके दिसतात. तपकिरी दिसणारा भाग जवळून निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा निघतो. हाताने लावलेल्या रंगात ठिपके नसतात, रंगाचे कण, ब्रशच्या केसांच्या रेघा, कुठे तरी चिकटलेला एखादा केससुद्धा असतो. जलरंगात कागदाच्या खळग्यांत रंग साठलेला आणि बहुधा खाली पेन्सिलच्या पुसट रेषा. सहीसुद्धा भिंगाखाली धरा. छापील सहीचेही ठिपके होतात.

तिसरी, पाठ आणि कड. कॅनव्हासच्या मागे रंग झिरपलेले डाग, कडांना ओघळ, स्टेपलच्या पिना. सगळं कारखान्यातून आल्यासारखं पांढरंशुभ्र आणि कडा सरळ कापलेल्या असतील तर प्रश्न विचारा. चौथी गोष्ट सोपी: त्याच स्टॉलवर हेच चित्र दुसऱ्या मापात आहे का? असेल तर झालं.

छापील असणं हा गुन्हा नाही. आठशे रुपयांत आवडत्या चित्राची चांगली छपाई मिळाली आणि विकणाऱ्याने ती छपाई म्हणूनच विकली, तर ती घ्यायला हरकत काय? हरकत मूळ म्हणून विकण्याला आहे.

मुद्राचित्रांची गोष्ट वेगळी, आणि इथे लोक उलट्या बाजूने फसतात: उत्तम मूळ काम 'प्रिंट आहे' म्हणून सोडून देतात. लाकडावर, लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) किंवा जस्ताच्या पत्र्यावर चित्रकाराने स्वतः कोरून, शाई लावून काढलेला छापा हे मूळ कामच असतं. खाली पेन्सिलने ५/२५ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे पंचवीस प्रतींतली पाचवी. 'ए/पी' म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी काढलेली प्रत. पत्र्यावरून काढलेल्या छाप्यात कागदावर पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा बोटाला जाणवतो. कमी पैशांत नावाजलेल्या हाताचं काम घरी आणायचं असेल तर माझ्या मते याहून चांगली वाट नाही.

सोनं खरं की पितळी

चित्रसंतेत म्हैसूर आणि तंजावर शैलीची देवदेवतांची चित्रं भरपूर असतात आणि आपल्याकडचे लोक घरातल्या देव्हाऱ्यासाठी हमखास तीच घेतात. दोन्हींवर सोनं असतं म्हणून ती एकच समजली जातात. तंजावर चित्र फळीवर कापड चिकटवून त्यावर करतात; दागिन्यांचा उठाव जाड, त्यात रंगीत खडे आणि काचा. म्हैसूर चित्रात उठाव अगदी नाजूक, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही इतका, आणि खडे नाहीत. पारंपरिक पद्धतीत ते बोर्डावर चिकटवलेल्या कागदावर करतात. म्हैसूरच्या कारागिराची कसोटी रेषेत असते: पैठणीच्या काठासारखी बारीक बुट्टी, नखं, डोळ्यांच्या कडा. तंजावर लांबून चमकतं, म्हैसूर जवळ बोलावतं.

विचारायचा प्रश्न एकच: वर्ख सोन्याचा की नकली? नकली वर्ख म्हणजे पितळेसारखा मिश्रधातू. पहिल्या दिवशी तो खऱ्यापेक्षा जास्त चमकतो, मग काही वर्षांत काळपट-हिरवट पडतो. खरा वर्ख काळा पडत नाही. नकली वर्खाचं चित्र कमी पैशांत घ्यायला हरकत नाही, पण भाव सोन्याचा देऊ नका. खरं सोनं म्हणून घेत असाल तर बिलावर तसं लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला, की उत्तर मिळालंच.

वारली किंवा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे कथा सांगण्यासाठीची चित्रं, बंगळुरूत दिसली तर रंग कुठला, कुणाकडे शिकलात, आणि वारली असेल तर शेणमातीच्या लेपावर आहे का, हे विचारा. ज्याने केलं तो थांबत नाही बोलायला.

भाव

बरेच चित्रकार चौरस इंचावर भाव ठरवतात. म्हणून एकाच हाताची दोन चित्रं बघून हिशेब जुळतो का ते पाहता येतं. मोठं चित्र आवडलं आणि परवडत नसेल तर मोठ्याचा भाव पाडण्यापेक्षा त्याच चित्रकाराचं छोटं मागा.

घासाघीस करावी का? "स्वल्प कम्मि माडि" म्हणजे थोडं कमी करा, एवढं एकदा म्हणायला काही हरकत नाही, आणि दोन चित्रं घेतलीत तर तो स्वतःच काहीतरी सोडतो. संध्याकाळी सहानंतर भाव उतरतात हेही खरं. रात्रीची गाडी पकडायची असते, गठ्ठा परत न्यायचा नसतो. पण कागद, रंग, स्टॉल, दोन दिवसांचं जेवण आणि स्लीपरचं तिकीट स्वतःच्या खिशातून घालून आलेल्या माणसाला शेवटच्या तासात निम्म्यावर आणायला मला जमत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

चित्र दुपारी ठरवलं आणि संध्याकाळी न्यायचं असेल तर इसार देऊन चित्राच्या मागे तुमचं नाव लिहून घ्या, आणि फोन नंबर दोघांनी एकमेकांचा घ्या. नाव लिहिलेलं चित्र सहसा विकलं जात नाही. नुसतं तोंडी ठेवलेलं विकलं जातं.

कागद

साध्या वहीच्या पानावर चालेल, पण लिहून घ्या: चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव असेल तर ते, माध्यम, कशावर केलं, माप, वर्ष, रक्कम, सही. चित्र हातात धरलेल्या चित्रकाराचा त्याच्या परवानगीने एक फोटो काढा.

चित्र विकत घेतलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. ऑफिसच्या डायरीवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायचं तर विचारायला हवं. गंमत अशी, की पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलंत तर १९५७च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क तुमचा. रस्त्यावर दहा मिनिटांत रेखाटून घेतलेल्या चेहऱ्यालाही हे लागू आहे.

परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी घेत असाल तर वर्ष लिहिलेलं बिल नक्की जपा. शंभर वर्षांपेक्षा जुनी चित्रं आणि रवि वर्मा, अमृता शेरगिल, रोरिख अशा मोजक्या चित्रकारांची कामं १९७२च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचं नवं चित्र त्यात येत नाही, पण विमानतळावर जुन्या शैलीचं तंजावर बघून कुणी विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे.

घरी नेणं

कॅनव्हास गुंडाळायचं तर रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग चुरगळतो आणि तडे जातात. नळी जितकी रुंद तितकी बरी; हार्डवेअरच्या दुकानातला सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. चित्रावर आधी बटर पेपर, मग प्लास्टिक. बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट ॲक्रिलिकवर लावू नका, उष्णतेत ते चिकटतं आणि चित्रावर गोल गोल ठसे उठतात. जाड रंगाचं तैलचित्र महिनोन्‌महिने आतून ओलं असतं, त्यामुळे ते केव्हा पूर्ण केलं ते विचारा. ताजं असेल तर गुंडाळण्याचा विचार सोडा. म्हैसूर-तंजावर कधीच गुंडाळायची नाहीत. कागदावरचं काम दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट. काच लावलेलं चित्र घेण्यापेक्षा काच तिथेच सोडून या.

रेल्वेत चित्र वरच्या बर्थवर भिंतीला टेकवून उभं ठेवा. खाली सीटखाली सरकवलेल्या चित्रावर रात्री कुणाची तरी ट्रंक येते.

बंगळुरू लांब पडत असेल तर

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात. वरळीच्या नेहरू सेंटरला भरणाऱ्या इंडिया आर्ट फेस्टिव्हलमध्ये चित्रं विकणारी कलादालनंही असतात आणि स्वतंत्र चित्रकारांचे स्टॉलही, तिथे भावात दालनाचा वाटा आहे का ते विचारून घ्या. सर ज. जी. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन विद्यार्थ्यांचं काम बघायला चांगलं. लंडनला असाल तर १९९९मध्ये बॅटर्सी पार्कात सुरू झालेला अफोर्डेबल आर्ट फेअर आहे. तिथे किमतीला वरची मर्यादा असते आणि भाव लिहिलेला असतो. भिंग आणि बॅटरी मात्र तिकडेही न्या.

फ्रेम आणि खिळा

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगा. माउंट आम्लमुक्त हवा, नाहीतर कागद कडांना पिवळा पडतो. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटचं किंवा पट्टीचं अंतर हवं. आपल्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या जलरंगावर बुरशी येते. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. कोकणात राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर येऊ द्या. आपल्याकडे चित्रं फार वर लावतात, पूर्वजांच्या तसबिरींची सवय. दोन खिळे मारा, एक नको. एका खिळ्यावर चित्र दर वेळी दार आपटलं की थोडं तिरकं होतं आणि मग घरातला एक माणूस आयुष्यभर ते सरळ करत बसतो. आमच्याकडे तो मी आहे. ते साडेतीन फुटी चित्रही शेवटी कपाटामागून निघालं. स्विचबोर्ड दोन फूट बाजूला सरकवायला इलेक्ट्रिशियनने चित्राच्या निम्मे पैसे घेतले.